गिरजाआत्याच्या दोन खोल्या

गिरजाआत्या जेवायला बसली की माय तिचं ताट नेहमी दाराजवळ वाढायची. तिला कधी कोण बोलवायला येईल याचा नेम नसायचा, आणि आमच्या घरात आत बसलेल्या माणसाला झटकन बाहेर पडणं शक्यच नव्हतं. पुढची सगळी खोली बाबांच्या हातमागानं अडवलेली. भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलेलं सूत, त्याखालून वाकून जायचं, मग मायच्या चरख्याला आणि सुताच्या कांड्यांच्या टोपलीला वळसा घालायचा, तेव्हा कुठे उंबरठा यायचा. म्हणून दाराजवळ ताट. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, आणि रविवारी बेसनाच्या पाटोडीचा रस्सा, असा झणझणीत की शेजारच्या घरात शिंका याव्यात. आत्या पहिला घास घेते न घेते तोच गल्लीतून धावत येणाऱ्या चपलांचा आवाज यायचा आणि ती हात धुवायला उठायची. माय ताटावर दुसरं ताट झाकून ठेवायची. आत्याला एका बैठकीत पूर्ण जेवलेली मी फार थोड्या वेळा पाहिली.

इतवारीच्या बाजाराच्या मागच्या अंगाला आमची विणकरांची गल्ली होती. सकाळपासून दोन्ही बाजूंच्या घरांतून मागांची खटखट सुरू व्हायची आणि दिवे लागेपर्यंत चालायची. बाहेरच्या पाहुण्याला ती असह्य होई. आम्हाला ती ऐकूच यायची नाही. फक्त आम्ही सगळे मोठ्यानं बोलायला शिकलो. आजही फोनवर माझी नात म्हणते, "आजी, हळू बोल ना, मी शेजारच्या खोलीत नाही, पुण्यात आहे." मी हळू बोलायचं ठरवते आणि दोन वाक्यांनंतर विसरते.

आत्या बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर तीन वर्षांतच नवरा गेला, मूलबाळ नाही, तरी ती सासू जिवंत असेपर्यंत सासरीच राहिली. त्या सासूकडून तिनं बाळंतपणाचं काम उचललं. सासू गेल्यावर ती बाबांकडे आली. पुढे सरकारनं दायांना शिकवायला सुरुवात केली, तेव्हा ती मोठ्या दवाखान्यात काही आठवडे जाऊन आली आणि येताना पत्र्याची एक पेटी घेऊन आली. पेटीत कात्री, दोरा, साबण, नखं घासायचा ब्रश आणि बाईखाली अंथरायचा रबराचा एक तुकडा. अक्षर तिला एकही येत नव्हतं. बाटलीवरचं औषधाचं नाव मी वाचून सांगायची. पण त्या शिक्षणातलं एक अक्षरही ती विसरली नव्हती. कुणाच्याही घरी गेली की आधी पाणी उकळायला लावायची, मग कोपरापर्यंत हात धुवायची. म्हाताऱ्या बायका हसायच्या. "गिरजे, तू बाळंतपण कराले आली का आंघोळ कराले?" आत्या हात घासत राहायची.

गल्लीच्या तोंडाशी वॉर्डाचा दवाखाना होता. सकाळी दोन तास उघडा. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत, बाकीचे दिवस कंपाउंडर. लाल औषध, पांढरं औषध आणि मलमपट्टी. बाईमाणसानं त्या दाराशी जाऊन काय सांगायचं? बायका दुखणं अंगावर काढत, नाहीतर आत्याला सांगत. अडलेल्या बाईसाठी होता तो मोठा दवाखाना, आणि तिथे जायचं म्हणजे इतवारीतून जायचं. धान्याच्या पोत्यांचे ठेले, भांड्यांच्या दुकानांपुढे रचलेल्या पातेल्यांच्या उतरंडी, कापडाचे गठ्ठे डोक्यावर घेतलेले हमाल, मध्येच ठाण मांडून बसलेली गाय. एरवी आम्हाला त्या गर्दीचं कौतुकच होतं. पण मी अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला होते त्या वर्षी, पोळ्याच्या आधी, कोपऱ्यावरच्या घरची सून ठेल्यावर घालून दवाखान्यात नेताना वाटेतच गेली. बाळही गेलं. आत्या तिच्या उशाशी चालत होती. त्यानंतर दोन दिवस दाराजवळ ताट वाढलं नाही, कारण आत्यानं खाल्लंच नाही. तिसऱ्या दिवशी ती मायला एवढंच म्हणाली, "बाई माह्या हातून नाही गेली वं. रस्त्यात गेली." आणि पेटीतली कात्री काढून घासायला बसली.

मॅट्रिकचा निकाल लागून मी घरी बसले होते. सोळा संपून सतरावं. बाबांच्या मनात स्थळ बघायचं होतं, माझ्या मनात काय होतं ते मलाच माहीत नव्हतं. अशात वॉर्डाची निवडणूक आली. आमच्या वॉर्डात दोघंच जोरात होते. एक मनोहरशेठ, सुताचे व्यापारी, निशाणी छत्री. दुसरे शाळेतून निवृत्त झालेले दामोदर गुरुजी, निशाणी शिडी. गुरुजींकडे सायकल आणि विद्यार्थी होते. शेठजींकडे जीप होती, जीपवर कर्णा होता, आणि आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांत त्यांच्याच दुकानाचं सूत होतं. बाबांच्या मागावरही तेच. शेठजींनी डांबरी रस्ता कबूल केला, तर गुरुजींनी वाचनालय कबूल केलं. शेठजींनी दोन नळ वाढवले, तर गुरुजींनी देवळापुढे मंडप. दोघंही दारोदार आले, आम्ही दोघांनाही ओवाळलं, दोघांनीही आत्याला "कशी आहे बाई?" म्हणून नमस्कार केला. दवाखान्याचा शब्द दोघांच्याही तोंडी नव्हता. आता वाटतं, त्यांचंही काय चुकलं? त्यांना तो शब्द कुणी सांगितलाच नव्हता. आमच्याकडे बायकांचं दुखणं ही घरात ठेवायची गोष्ट होती, चौकात न्यायची नव्हे.

मग ती दुपार आली. शेजारची शेवंता, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी, सकाळपासून अडली होती. दुसरी खेप. आत्या तिच्याकडेच होती. मी गरम पाण्याचं भगोणं घेऊन गेले तेव्हा आत्या बाहेर येऊन उभी राहिली होती. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"मूल आडवं आहे," ती म्हणाली. "हात बाहेर आला. हे माह्यानं होत नाही. मोठ्या दवाखान्यात न्या लागते, आत्ताच्या आत्ता."

शेवंताचा नवरा सायकलरिक्षा आणायला धावला. रिक्षा मिळाली. आम्ही तिला उचलून बसवलं. एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूनं मी तिचं डोकं छातीशी धरलेलं. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि रिक्षा थांबली. पुढे माणसंच माणसं. शेठजींची प्रचारफेरी होती. ढोल, गुलाल, छत्र्या उघडून नाचणारी पोरं, आणि मधोमध जीप. जीपवर शेठजी गळ्यात हार घालून हात जोडून उभे, कर्ण्यातून आरोळी: "छत्रीवर शिक्का, विजय पक्का!" ठेले रस्त्याच्या कडेला दाबलेले, त्यामुळे रिक्षा धड पुढे जाईना की मागे फिरेना. शेवंता कण्हत होती, नंतर तेही थांबलं.

आत्या रिक्षातून उतरली. पदर कमरेला खोचला आणि सरळ गर्दीत शिरली. मला उंचावरून दिसत होतं. ढोलवाल्याच्या मधून, गुलालातून ती गेली आणि जीपच्या पुढे जाऊन दोन्ही हात वर करून उभी राहिली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला तसे शेठजी पुढच्या काचेवर आपटता आपटता वाचले.

"काय करून राहिली वं बाई!" ड्रायव्हर ओरडला. "मराची आहे काय?"

"मले नाही मरायचं," आत्या म्हणाली, "अन् तिलेही मरू नाही द्यायचं. शेठजी, खाली उतरा."

ढोल थांबले. शेठजींना काय चाललंय ते कळेना.

"बाई, काहून? झालं काय?"

"बाई अडली आहे. अर्ध्या घंट्यात मोठ्या दवाखान्यात नाही पोहोचली तं दोन जीव जातात. तुमची गाडी पाह्यजे. उतरा म्हणतो नं मी!"

संतापली की आत्या पुरुषासारखं बोलायची. शेठजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आमच्या रिक्षाकडे, आणि खरं सांगते, त्या माणसानं एक क्षणही घालवला नाही. हार काढले, बाजूच्या पोराच्या हातात दिले, आणि धोतर सावरत उतरले. चार हमालांनी शेवंताला रिक्षातून उचलून जीपमध्ये मागे निजवलं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, आत्या पायाशी. कर्ण्यावर बोलणारा माणूस पुढेच बसला होता, त्याला उतरायचं सुचलंच नाही. जीप निघाली तसं त्यानं सवयीनं तोंड उघडलं, "छत्रीवर…" आणि अडखळला. मग तो ओरडायला लागला, "बाजू व्हा! बाजू व्हा गा! बाईले दवाखान्यात नेऊन राह्यलो! ठेला काढा! भांडे काढा!" त्या दिवशी इतवारी आमच्यासाठी फाटत गेली. हमालांनी भरलेले ठेले हातानं उचलून बाजूला केले. एका भांडेवाल्यानं रचलेली पातेली पायानं आत ढकलली, त्यांचा खणखणाट कितीतरी वेळ मागून ऐकू येत होता. शेवंतानं माझं मनगट धरलं होतं. तिच्या नखांचे वण पुढे महिनाभर हातावर होते.

ऑपरेशन झालं. मुलगी झाली आणि दोघीही वाचल्या. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "हिला वेळेत कोणी ओळखलं?" मी आत्याकडे बोट दाखवलं. त्या आत्याला म्हणाल्या, "तुम्ही हात लावून ओढाताण केली नाही म्हणून दोघी आहेत." आत्यानं मान डोलावली आणि भिंतीला टेकून खाली बसली. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "सुशे, भूक लागली वं." मी बाहेरून तिला पोहे आणून दिले आणि तिनं ते सगळे खाल्ले, शेवटच्या दाण्यापर्यंत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चौकात शेठजींची सभा होती. जीपची गोष्ट तोवर सगळ्या वॉर्डात झाली होती, आणि शेठजींच्या माणसांनी ती उचलली नसती तरच नवल. एका वक्त्यानं तर सांगून टाकलं, "ज्यांच्या गाडीनं दोन जीव वाचवले, त्या शेठजींच्या हाती वॉर्ड द्या!" टाळ्या पडल्या. शेठजी बोलायला उभे राहिले तोच मागे बायकांच्या घोळक्यातून आत्याचा आवाज आला.

"शेठजी, एक विचारू काय?"

सगळ्यांच्या माना वळल्या. सभेत बायका येत, बसत, पण बोलत नसत. मायनं आत्याचा पदर ओढला. आत्यानं तो सोडवून घेतला.

"विचारा नं बाई," शेठजी हसून म्हणाले.

"तुमी गाडी देली, तुमचे उपकार. शेवंता वाचली. पण निवडणूक झाल्यावर ते गाडी कुठी राहीन?"

लोक हसले. शेठजीही हसले. आत्या हसली नाही.

"मागच्या साली पोळ्याच्या आधी कोपऱ्यावरची सून गेली. त्या दिवशी तुमची मिरवणूक नव्हती. गाडी नव्हती. म्हणून ते गेली. आता बाईनं बाळंत व्हायचं तं काय निवडणूक पाहून व्हायचं?"

आता कोणी हसलं नाही. कोपऱ्यावरच्या घरचा म्हातारा पुढच्याच रांगेत बसला होता, त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. आत्या बोलत राहिली. तिला भाषण येत नव्हतं. घरात मायशी बोलावी तशी ती बोलली. "रस्ता करता, चांगली गोष्ट आहे. नळ देता, द्या. पण आमाले दोन खोल्या पाह्यजे. वॉर्डाच्या दवाखान्याच्या मागं जागा पडून आहे. त्यात चार खाटा, एक डॉक्टरीण, एक नर्स. बाया बाईपाशी बोलतीन. अडलं तं आधीच समजन. बस, इतलंच."

"करू, करू," शेठजी म्हणाले.

"करू तं सगळेच म्हणतात, शेठजी. लिहून द्या."

सभा कशीबशी संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठजींचे मुनीम आमच्या दारात आले. आत आले नाहीत, उंबरठ्याबाहेरून बाबांना म्हणाले, "बहिणीले जरा समजावा. चौकात असं बोलनं बरं नाही. सूत आमच्या दुकानातून येते हे ध्यानात ठेवा." मी चूलघरातून ऐकत होते. बाबा हा माझ्या आठवणीतला सगळ्यात शांत माणूस. भावकीच्या भांडणातही ते मान खाली घालून विणत राहायचे. त्यांनी मागाचा धोटा हातात धरला होता, तो हळूच खाली ठेवला आणि म्हणाले, "सूत बंद करा मुनीमजी. माही बहीण बंद होनार नाही."

पुढचे आठ-नऊ दिवस आमचा माग थांबला. सगळ्या गल्लीची खटखट चालू आणि आमच्या घरात ती नाही. झोप लागेना मला. मायनं पाटोडीचा रस्सा बंद केला, तिखट-मीठ-भाकरीवर आलो. आत्या एकदा म्हणाली, "मी जाते शेठजीकडे, हात जोडते." बाबा म्हणाले, "बाई, तू आयुष्यभर अर्ध्या ताटावरून उठली. आमी आठ दिवस कोरडी भाकर नाही खाऊ शकत काय?" भावाबहिणीत याहून जास्त बोलणं झालेलं मी ऐकलं नाही.

पण गल्ली गप्प बसली नव्हती. शेवंताची सासू, जी हात धुण्यावरून आत्याला सगळ्यात जास्त हसायची, तीच घरोघर फिरली. बायकांनी ठरवलं, जो उमेदवार दोन खोल्यांचं लिहून देणार नाही त्याला ओवाळायचं नाही. भांडण नाही, घोषणा नाही. दार उघडायचं, पाणी द्यायचं, नमस्कार करायचा. आरतीचं तबक मात्र आतच राहील. मी एका कागदावर मजकूर लिहिला. तीनदा फाडला. चौथ्यांदा सोप्या शब्दांत उतरला: निवडून आल्यास दवाखान्याच्या मागे बायकांसाठी दोन खोल्या, चार खाटा, एक डॉक्टरीण व एक नर्स आणीन. खाली सहीची जागा. शाळेत बक्षीस मिळालेला एकही निबंध मला आज आठवत नाही. ही ओळ आठवते.

गुरुजी आधी आले. कागद नीट वाचला, शुद्धलेखनाची एक चूक काढली, सही केली. आत्या त्यांना म्हणाली, "गुरुजी, तुमी निवडून नाही आले तरी शेठजीच्या मागं लागा लागते." गुरुजी म्हणाले, "बाई, निवडून नाही आलो तर मला दुसरं कामच काय आहे?"

शेठजींनी चार गल्ल्यांत तबकाशिवाय नमस्कार घेतले. आमचा माग थांबून आठ दिवस झाले तेव्हा ते आमच्याकडे आले, एकटेच, चालत. थांबलेल्या मागाकडे त्यांनी पाहिलं. बाबांनी बाजेवर सतरंजी टाकली. शेठजींनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला.

"मुनीमनं मले विचारलं नव्हतं," ते म्हणाले. "सूत उद्या येईन."

मुनीमनं खरंच विचारलं नव्हतं का, हे मला आजही सांगता येणार नाही. बाबांनी त्यावर शेवटपर्यंत मत दिलं नाही.

मग शेठजी आत्याकडे वळले. "बाई, माही लहान बहीण मौद्याले देली होती. पहिल्याच खेपेला गेली. बैलगाडीत. त्या दिवशी तुमी गाडीपुढं उभ्या राह्यल्या, तवा मले तेच दिसलं. म्हणून उतरलो. मतासाठी नाही उतरलो."

"ते मले त्याच दिवशी समजलं," आत्या म्हणाली. "म्हणूनच तं चौकात मागतलं. ज्याले समजते त्याच्यापाशी मागते माणूस."

शेठजींनी माझ्या हातातून कागद घेतला आणि गुरुजींच्या सहीखाली आपली सही केली. माय आत गेली, तबक घेऊन आली. दुसऱ्या दिवशी सूत आलं.

शेठजी निवडून आले, फार थोड्या मतांनी. मला वाटलं होतं महिन्याभरात खोल्या उभ्या राहतील. सतराव्या वर्षी असंच वाटतं. एक उन्हाळा गेला, दुसरा आला. आत्या दर महिन्याला शेठजींकडे जायची, गुरुजी सोबत. शेठजी म्हणायचे, "होऊन राह्यलं बाई, होऊन राह्यलं." होत काही नव्हतं. मग शेवंताची सासू एकदा शेवंताच्या मुलीला कडेवर घेऊन गेली आणि तिला शेठजींच्या मांडीवर बसवून म्हणाली, "हे चालाले लागली शेठजी. तुमचा कागद काही चालून नाही राह्यला." शेठजी ओशाळले की काय, पण त्यानंतर गवंडी दिसले. नंतर चुना आला, मग खाटा. डॉक्टरीण आली, पंचविशीतली, दोन वेण्यांची, पाहून बायका म्हणाल्या, "हे तं पोट्टीच आहे!" मोठ्या दवाखान्यात नेणारी गाडी मात्र तेव्हा मिळाली नाही. ती यायला पुढे कितीतरी वर्षं लागली. पण दोन खोल्या उभ्या राहिल्या, हे खरं.

आणि त्या दोन खोल्यांत आत्याला जागा नव्हती. मदतनीस दाईसाठी चौथी पास लागत होतं, वयाचीही अट होती. मी भरतीचा तो कागद वाचून दाखवला तेव्हा माझा आवाज चढला. "तुझ्यामुळे झालं हे सगळं, आणि तुलाच घेत नाहीत? मी शेठजींकडे जाते."

आत्या पेटी पुसत होती. "काही जाऊ नोको. मले माहीत होतं."

"माहीत होतं? कधीपासून?"

"मोठ्या दवाखान्यात शिकाले गेली होती नं, तवाच. तिथी सगळ्या शिकेल बाया होत्या. मले समजलं, एक दिवस असंच होईन. चांगलंच आहे वं." मग तिनं पेटी माझ्याकडे सरकवली. "तू तं मॅट्रिक आहेस. नर्सचं शिकाले काहून जात नाही?"

नर्सच्या कामाला तेव्हा आमच्यात फार मान नव्हता. बाबा दोन दिवस गप्प विणत राहिले, माय रडली, स्थळं जातील म्हणाली. आत्यानं कुणालाही समजावलं नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनीच विचारलं, "अर्ज कुठी भेटते?" मी पुढे तीसहून जास्त वर्षं दवाखान्यांच्या वॉर्डांत काढली, संसारही झाला, स्थळंही फार गेली नाहीत. पण ते नंतरचं.

खोल्या सुरू झाल्या त्या आठवड्यातच मागच्या गल्लीतली एक पोरगी, पहिलटकरीण, कळा सुरू होताच आत्याकडे आली. आत्याशिवाय कुठेच जाणार नाही म्हणाली. आत्यानं तिचा हात धरला आणि तिला चालवत नव्या खोल्यांशी नेलं. मीही सोबत होते. माझं शिक्षण सुरू व्हायला महिना होता. दारात नर्स उभी होती. तिनं पोरीला आत घेतलं, आत्याकडे पाहिलं आणि जरा संकोचून म्हणाली, "मावशी, तुम्ही बाहेर बसता का?"

आत्यानं पोरीच्या हातातून आपला हात सोडवला. "जाय," तिला म्हणाली, "हात धुतात हे, म्या पाह्यलं." दार लागलं. व्हरांड्यात लाकडी बाक होता. त्यावर पोरीचा नवरा आणि सासू बसले होते. आत्या त्यांच्या शेजारी बसली. तिला बसता येईना. उठायची, दाराशी जायची, परत यायची. हात कुठे ठेवावेत तेच तिला कळत नव्हतं. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची. नवऱ्यानं तिला विचारलं, "आत्या, किती वेळ लागीन?" ती म्हणाली, "मले काय माहीत? मी का आत आहो?" आणि स्वतःच्याच बोलण्याचं तिला हसू आलं. आतून कण्हणं, डॉक्टरीणबाईंचा हळू आवाज, भांड्याचा आवाज. मग काहीच नाही. आत्यानं माझा हात घट्ट धरला. तिचा तळवा घामानं ओला झाला होता, हजार बाळंतपणं केलेल्या बाईचा.

आणि बाळ रडलं.

नवरा उभा राहिला, सासूनं दोन्ही हात जोडले. आत्या तशीच बसून होती, तोंड अर्धवट उघडं, दाराकडे बघत. उभ्या जन्मात बाळाचं पहिलं रडणं तिनं आतूनच ऐकलं होतं, आणि ते ऐकताना तिचं लक्ष असायचं नाळेकडे, रक्ताकडे, बाईच्या चेहऱ्याकडे. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"सुशे," ती म्हणाली, "बाहेरच्याईले असं ऐकू येते होय वं!"